कोरड्या टाकीचं वजन

१

सन दोन हजार सोळा. वैशाख लागून आठवडा झाला होता. अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. त्या साली औरंगाबादेत बऱ्याच घरांनी ते काम तांब्यावर भागवलं. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते. नळाला पाणी पाच दिवसांनी, तेही आलं तर. शहर मात्र थांबायला तयार नव्हतं. जालना रस्त्याने शेंद्र्याकडे निघालं की दोन्ही अंगाला प्लॉट पडलेले, आणि जिथं प्यायला थेंब नाही तिथं सरोवरनगर, निर्झर कॉलनी अशा पाट्या लावलेल्या.

हिवरवाडी अशीच गेली. एक मारुती, चार जुनी घरं आणि भोवती तीनशे नवी, एवढंच तिचं उरलं. त्या नव्या घरांसाठी सिमेंटची टाकी बांधून ठेवलेली होती. आठ खांबांवर उभी. टाकी लहानच, पण शेजारी दुसरं उंच काही नसल्याने मोठी वाटायची. बांधल्यापासून तिच्यात पाणी पडलं नव्हतं, कारण जलवाहिनी तिथवर आलीच नव्हती. आता आली होती. पाणी सोडण्याआधी टाकी तपासायची होती, आणि ते काम वैजनाथ पाठकाकडे आलं.

वैजनाथ पन्नाशी ओलांडलेला इंजिनिअर. पूल, टाक्या, चिमण्या हलवून बघायच्या हा त्याचा धंदा. त्याची पद्धत अशी. आधी नकाशावरून कॉम्प्युटरात एक टाकी उभी करायची. मग खऱ्या टाकीला जागोजागी सेन्सर चिकटवायचे, दोर बांधून जीपने ताण द्यायचा आणि दोर एकदम सोडायचा. टाकी डोलते. डोळ्याला दिसत नाही, सेन्सरला कळतं. खरी टाकी कशी डोलली ते कॉम्प्युटरातल्या टाकीशी ताडून बघायचं. दोन्ही जुळत नाहीत तोवर कॉम्प्युटरातली टाकी सुधारत राहायची. जुळल्या की खरी टाकी आतून कशी आहे ते कळतं. कुठं कमजोर, कुठं भक्कम.

कॉम्प्युटरचं काम मृण्मयी बघायची. तीस वर्षांची, चष्मेवाली, कमी बोलणारी. दोर सुटला तेव्हा ती जीपच्या सावलीत मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती.

"सर," ती म्हणाली, "टाकी भरलेली आहे का?"

"कोरडी आहे. का?"

"सावकाश डोलतेय."

रिकामी टाकी पटपट डोलते, भरलेली सावकाश. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. वैजनाथने दोर पुन्हा बांधायला लावला. पुन्हा तेच आलं. टाकी अंगावर ओझं असल्यासारखी डोलत होती.

२

वैजनाथच्या मनात पहिला संशय आला तो राखणदाराचा. त्या वर्षी पाणी म्हणजे सोनं होतं. टँकरवाले बोअर उपसून विकत होते, आणि उंच, बंद, कोणी चढून बघत नाही अशी टाकी म्हणजे पाणी लपवायला आयती जागा.

राखणदार त्रिंबक टाकीच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोलीत राहायचा. उंच, काटक माणूस. जातीचा धनगर. बापाच्या वेळेस मेंढरं संपली, तेव्हापासून मिळेल ती मजुरी.

"वर पाणी कुणाचं आहे रे?" वैजनाथने सरळच विचारलं.

"पानी?" त्रिंबक हसला. "सायब, वर पानी असतं तर म्या असा वास मारत तुमच्या म्होरं उभा ऱ्हायलो असतो व्हय? आंघोळ करून, भांग पाडून आलो असतो."

"मी वर जाऊन बघणार आहे."

"जावा की. जिना तुमचाच हाय."

वैजनाथ लोखंडी जिन्याने वर गेला. कठडा हाताला चटके देत होता. वर छतात माणूस उतरेल एवढं चौकोनी झाकण होतं. त्याने ते उचललं आणि आत टॉर्च मारला.

आत काही नव्हतं. करडी, गोल, कोरडी जमीन, तिच्यावर बोटभर धूळ. भिंतीवर पाण्याची एक रेघसुद्धा नाही.

पण आतून ऊब आली. उन्हात तापलेल्या सिमेंटची ऊब कशी लागते ते त्याला ठाऊक होतं. ही तशी नव्हती. ही दमट होती, आणि तिला वास होता. भिजून सुकलेल्या घोंगडीचा वास असतो तसा. पाकोळ्या असतील, तो मनाशी म्हणाला. टॉर्च छताला लावला. पाकोळी एकही नव्हती.

त्याने झाकण लावलं. खाली आल्यावर त्रिंबकने विचारलं, "घावलं का पानी?"

वैजनाथने मृण्मयीला सामान आवरायला सांगितलं.

३

ऑफिस उस्मानपुऱ्यात, पहिल्या मजल्यावर. कूलरमध्ये घालायला पाणी नाही म्हणून नुसता पंखा. मृण्मयीने सकाळपासून कॉम्प्युटरातली टाकी खऱ्या टाकीशी जुळवायला घेतली होती.

"दोनच कारणं असू शकतात," वैजनाथ म्हणाला. "एक तर वर ओझं आहे, नाहीतर खांब ढिले आहेत. ओझं मी डोळ्याने बघितलं, ते नाही. म्हणजे खांब ढिले. काँक्रीट खाल्लेलं असणार कंत्राटदाराने. तू खांब ढिले करून बघ."

"केले."

"मग?"

"डोलण्याचा वेग जुळतो. डोलण्याची तऱ्हा जुळत नाही. आणि खांब आपण ठोकून तपासलेत सर. उत्तम आहेत."

"मग?"

तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवली. टाकीचं चित्र होतं, वरून बघितल्यासारखं. तळाच्या एका अंगाला काळा डाग पडला होता.

"मी कॉम्प्युटरला मोकळं सोडलं. म्हटलं, काय बदलायचं ते तूच ठरव. त्याने खांबांना हात लावला नाही. तळावर वजन ठेवलं. सगळं एका बाजूला, दाटीवाटीने."

वैजनाथने डाग बघितला. मग त्याला राग आला. ही पोरगी हुशार आहे, पण हुशार माणसं कंटाळली की आकडे ढकलून मोकळी होतात, हे त्याने पाहिलं होतं.

"कच्ची नोंद दाखव," तो म्हणाला.

"माझ्यावर संशय आहे का सर?"

"सगळ्यांवर आहे."

ती नुसती हसली आणि कच्ची नोंद उघडली. दोर सोडण्याच्या आधीचा भाग होता, टाकी स्वस्थ उभी असतानाचा. रेघ सरळ यायला हवी होती. ती बारीक थरथरत होती. मृण्मयीने ती थरथर वेग वाढवून आवाजात बदलली आणि स्पीकर लावला.

खुरखुर. घसटणं. बऱ्याच पायांनी जागच्या जागी चुळबुळ केल्यासारखं.

"वारा," वैजनाथ म्हणाला.

"त्या दिवशी वारा नव्हता," मृण्मयी म्हणाली.

४

हिवरवाडीच्या नव्या वस्तीचे अध्यक्ष अप्पाराव. शाळेतून निवृत्त झालेले, बोलायला गोड, पण माणसाला सोडत नसत. दुसऱ्या चाचणीच्या सकाळी ते छत्री घेऊन हजर.

"पाठक साहेब, आमच्या दोन्ही सुना पाण्यापायी माहेरी जाऊन बसल्यात. तुम्ही सही करा, म्हणजे माझ्या सुना परत येतात. घरात मीच भांडी घासतोय."

"टाकी पास झाली की सही होईल."

"आणि नाही झाली तर?"

"तर पाडतील."

अप्पारावांचा चेहरा उतरला. "पाडली तर नवी कधी व्हायची? आमचं आयुष्य टँकरच्या मागे पळण्यात जाईल हो. तीनशे घरं आहेत."

"आणि पास करून पडली, तर ती कुणाच्या घरावर पडेल?" वैजनाथने छत्रीच्या पलीकडे बोट केलं. टाकीच्या सावलीत अप्पारावांचंच घर होतं.

अप्पारावांनी छत्री मिटली. वैजनाथचं हे एक होतं. ज्याचं कारण आपल्याला कळलं नाही, त्यावर आपण सही करायची नाही. त्यापायी त्याची बरीच कामं गेली होती. त्याला त्याचा अभिमान होता.

या खेपेला त्यांनी टाकीच्या कडेला झुकाव दाखवणारा सेन्सरही बसवला. दोर सुटला. टाकी पहिल्यापेक्षाही सावकाश डोलली.

"वजन वाढलंय," मृण्मयी म्हणाली. थोड्या वेळाने तिने मान वर केली. "सर, मागच्या खेपेला तुम्ही कुठं उभे होता?"

"पूर्वेला. जिन्यापाशी."

"वजन पूर्वेला होतं. आज तुम्ही पश्चिमेला आहात. वजन पश्चिमेला आहे."

"योगायोग."

"असेल. तुम्ही जरा चालता का टाकीभोवती?"

त्याला हे मूर्खपणाचं वाटलं. तरी तो चालला. भर दुपारचं पांढरं ऊन, वारा नाही, माणूस नाही. तो उत्तरेला आला. "आलं," मृण्मयी म्हणाली. तो पूर्वेला आला. "आलं." त्याने थांबून दिशा बदलली, उलट फिरला. तिचा आवाज बारीक झाला. "वळलं. तुमच्यामागे वळलं, सर."

त्याने वर बघितलं. टाकीचा करडा, गोल तळ त्याच्या डोक्यावर होता. सिमेंटच्या जाडीपलीकडे काहीतरी त्याच्या बाजूला दाटी करून उभं आहे, असं त्याला वाटलं. तो दोन पावलं मागे सरला. वरून, अगदी हलकी, खुरखुर झाली. या वेळी स्पीकर लावलेला नव्हता.

५

त्रिंबकची म्हातारी आई लेकासाठी भाकरी घेऊन आली होती. बानाबाई तिचं नाव. ती खोलीच्या उंबऱ्यात बसून वैजनाथचं फिरणं बघत होती.

"कुणाचे म्हनायचे तुमी?" तिने विचारलं.

"पाठक."

"कोनचे पाठक? वाडीचे?"

वैजनाथ थबकला. त्याच्या आजोबांची हिवरवाडीत शेती होती, कुलकर्णीपणही होतं, हे त्याला माहीत होतं. तो शाळेत असताना ती विकली गेली. शेत कुठं होतं ते त्याला आता सांगता आलं नसतं. सगळीकडे प्लॉट आणि घरं झाली होती.

"नानासाहेब पाठक माझे आजोबा."

म्हातारीने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. बोलली ती जमिनीकडे बघत.

"मंग बरोबर हाय. ही टाकी तुमच्या हिरीवरच उभी हाय. बुजवली हीर, वर टाकी केली. तेवढी उंचावर गेली जागा, दुसरं काय."

"आई, गप बस," त्रिंबक म्हणाला.

"का म्हून? इचारलं त्यांनी." कुणी विचारलं नसताना तिने पुढे सांगितलं. "भात्तरच्या दुष्काळात मी नवी नवरी. माझ्या सासऱ्याचं, सखारामबाबाचं, लई मोठं खांड हुतं मेंढराचं. सारा हिवाळा आमी जाळी लावून तुमच्या रानात मेंढरं बसवली. लेंड्याचं खत तुमच्या रानाला, अन् बदल्यात उन्हाळाभर पानी तुमच्या हिरीवर. बोलीच हुती तशी. पर आमच्यात एक हाय. हिरीच्या धन्यानं 'पाजा' म्हनल्याबिगर मेंढरू पान्याला लावायचं नाय. दर उन्हाळ्याला पहिल्या दिशी धन्यानं म्हनायचं. मंग शीळ घालायची, मंग मेंढरू पितं."

"मग?"

"मंग काय. हिरीत पानी हुतं. तुमचे आजे काठावर बसून ऱ्हायले. पान खात. नाय बी म्हनले नाय. पाजा बी म्हनले नाय. सासरा माजा मानी मानूस. त्यानं इचारलं नाय. शीळ घातली नाय." ती थांबली. "मेंढरं उभीच हुती हिरीभवती. त्यांच्याकडं बघत. तशीच तहानेनं मेली."

मृण्मयीने लॅपटॉप मिटला.

वैजनाथचा संशय मात्र जागा होता. टाकी सुरू झाली की त्रिंबकची ही फुकटची खोली जाणार. टाकी बंद राहण्यात या मायलेकांचा फायदा होता. माणसाच्या पाळतीवर राहून गोष्ट रचायला अवघड काय?

"आजी, एका शब्दाने खांब बळकट होत नाहीत," तो म्हणाला.

"खांबाचं कोन बोलतंय," बानाबाई म्हणाली आणि भाकरीचं फडकं सोडू लागली.

६

त्याला एक चाचणी सुचली. वजन ओळखायचं तर माहीत असलेलं वजन टाकून बघायचं. एक टँकर पाणी टाकीत सोडायचं. त्या पाण्याचं वजन किती ते ठाऊक असतं. टाकी तेवढ्याच हिशेबाने सावकाश झाली, तर खांब भक्कम आणि वजन खरं. तशी झाली नाही, तर खांबच ढिले आणि बाकी सगळ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या गोष्टी.

टँकर अप्पारावांनी मिळवला. कसा, ते त्यांनी सांगितलं नाही. पंपाने पाणी वर गेलं. टाकीच्या बाहेर पातळी दाखवणारा काटा असतो, तो बांधल्यापासून प्रथमच हलला. वस्तीतली चार बायका-माणसं जमली, पोरांनी टाळ्या वाजवल्या.

दोर सुटला.

मृण्मयीने दोनदा ताडून बघितलं. "हिशेब पक्का जुळला सर. खांब उत्तम आहेत. पाण्याचं वजन पाण्याइतकंच आलं." मग हळूच, "आधीचं वजन आहे तसंच आहे. शिवाय."

म्हणजे पास करायला हरकत नव्हती आणि पास करता येत नव्हतं. टाकी काठोकाठ भरल्यावर हे वरचं ओझं तिच्यात एका अंगाला धावलं, तर? मृण्मयीने ते कॉम्प्युटरात करून बघितलं. बघून झाल्यावर चित्र त्याच्यासमोर धरलं. कॉम्प्युटरातली टाकी अप्पारावांच्या घराच्या दिशेने आडवी झाली होती.

अप्पाराव आपल्या घरात फोनवर बोलत होते. बाहेर आले तेव्हा हसत होते. "साहेब, उद्या सकाळी मेन लाइन सोडतायत. वरून हुकूम आहे. तुमची सही आली काय, नाही आली काय, टाकी भरणार."

"सही नसताना?"

"लोकांचा रेटा आहे. पुढाऱ्याला लोक पाहिजेत, तुमचा कागद नको. पण तुमचा कागद असता तर मला रात्री झोप लागली असती." हे ते मनापासून म्हणाले.

वैजनाथने वर बघितलं. तो उभा होता तो दक्षिणेला. झुकाव कुठे असेल ते विचारायची गरज राहिली नव्हती.

७

ऊन कलायला लागलं तेव्हा तो वर चढला. कुणाला सांगितलं नाही. जिन्याच्या अर्ध्यात त्याला वाटलं, आपण परत जावं, घरी जाऊन दार लावून घ्यावं, उद्या काय ते पेपरात वाचावं. शहाण्याने तेच केलं असतं. पण वैजनाथ पाठक हट्टी होता, आणि त्याला अजून वाटत होतं की झाकण उघडलं की आत एखादी लबाडी सापडेल. नळी, पिशव्या, वाळू, काहीही.

त्याने झाकण उघडलं.

आत पाणी स्वस्थ होतं. गुडघाभर. उघड्या झाकणाचा चौकोन त्यात पडला होता, आणि चौकोनात त्याचं स्वतःचं डोकं. भिंतीपर्यंत तळ दिसत होता. नळी नव्हती. पिशवी नव्हती.

मग पाण्यातल्या त्या चौकोनाच्या कडेला त्याला काहीतरी दिसलं. वर, टाकीत, काही नव्हतं. खाली, पाण्यातल्या प्रतिबिंबात होतं. काळे, अरुंद चेहरे. लोंबते कान. एकाला एक लागून, मागे आणखी, त्यांच्या मागे आणखी. उजेड पुरत नव्हता तिथवर. सगळ्यांची तोंडं पाण्याच्या अगदी वर, बोटभर अंतरावर. एकही तोंड पाण्याला लागलेलं नव्हतं.

सगळे डोळे त्याच्याकडे होते.

त्याने डोळे चोळले नाहीत. त्याला माहीत होतं की चोळले तर पुन्हा बघावं लागेल. तीच दमट ऊब त्याच्या तोंडावर येत होती. तहानलेल्या जनावराच्या श्वासासारखी. तो गुडघ्यांवर बसला होता, आणि हे बसणं त्याला कुठंतरी ओळखीचं वाटलं. काठावर बसून खाली बघत राहणं. काही न म्हणता.

त्याच्या मनाने तेवढ्यातही वकिली केली. तू इंजिनिअर आहेस. तू हे बोललास की मग तुझ्या कुठल्याच आकड्याला अर्थ नाही. आजोबांनी नाही म्हटलं नव्हतं. दुष्काळ होता. विहीर त्यांची होती.

कठड्यापलीकडे, फार खाली, त्याला बानाबाईचा पांढरा पदर दिसला. ती जिन्याच्या पायाशी येऊन उभी होती. त्याच्याकडे बघत नव्हती.

"पाजा," वैजनाथ म्हणाला.

आवाज फुटला नाही. त्याने ओठ ओले करायचा प्रयत्न केला.

"पाजा!"

ते टाकीत घुमलं आणि गोल फिरून परत आलं. मग खालून शीळ आली. जिभेने ओढलेली, लांब, मध्येच मोडून पुन्हा वर जाणारी. म्हाताऱ्या बाईच्या छातीत एवढी हवा असेल असं वाटलं नसतं.

वैजनाथने तोंड फिरवलं आणि कठडा घट्ट धरला. पुढचं त्याने बघितलं नाही. ऐकलं. असंख्य जिभांचं लपलप पाणी ओढणं, घाईचं, धक्काबुक्कीचं, मध्येच कुणाचं तरी नाकात पाणी गेल्यासारखं फुरफुरणं.

"सर!" खालून मृण्मयी ओरडली. "काटा उतरतोय! पाणी कमी होतंय! कॉक बंद आहे, कुठून जातंय?"

त्याने कठडा सोडला नाही.

"सर, पाणी जातंय, पण वजन तेवढंच आहे!"

लपलप विरळ झाली. थांबली. मग झाकणातून काहीतरी वर आलं. त्याने डोळे गच्च मिटले. त्याच्या गुडघ्यांना ऊबदार, राठ लोकर घासली. एकदा, मग सतत. एकामागून एक अंगं त्याला ढकलत जिन्याकडे जात राहिली, तो वाटेत आलेला एखादा दगड असावा तशी. लोखंडाच्या पायऱ्यांवर खुरांचा आवाज उतरत गेला. एका अंगाने जरा थांबून त्याच्या हाताला तोंड लावलं. ओलं. मग तेही गेलं.

८

तो खाली आला तेव्हा त्रिंबक खोलीच्या भिंतीला पाठ लावून उभा होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. जालना रस्त्याच्या दिशेने जमिनीलगत धुळीचा पट्टा उठला होता. वारा नव्हता. पट्टा हळूहळू लांब गेला.

मृण्मयीने कुणाला न विचारता दोर बांधायला लावला. दोर सुटला. तिने स्क्रीनकडे बघितलं, मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं.

"कोरडी आहे," ती म्हणाली. "नकाशावरची टाकी होती, अगदी तशी. काही बदलायचं नाही."

त्रिंबक वर जाऊन आला. टाकीचा तळ कोरडा होता. ओल नव्हती. धूळ मात्र खूप पायांनी तुडवलेली होती, असं तो म्हणाला.

"कागद दे," वैजनाथ म्हणाला.

मृण्मयीने अहवालाचा कागद जीपच्या बॉनेटवर ठेवला. बॉनेट तापलेलं होतं. वैजनाथने सही केली. अप्पारावांनी कागद दोन्ही हातांनी घेतला आणि घराकडे धावत गेले.

बानाबाई अजून जिन्यापाशीच होती. तिने धुळीचा पट्टा दिसेनासा होईपर्यंत बघितलं. मग वैजनाथकडे वळली.

"फिटलं," ती म्हणाली.